सर्व्हर पुन्हा पुन्हा आपोआप रीस्टार्ट होतोय: आधी गुपचूप मेलेली बाजू शोधा

लक्षण ओळखीचं आहे. सर्व्हर व्यवस्थित चालू असतो, लोडही फारसा नसतो, आणि अचानक मॉनिटरिंगवर लाल होतो. कुणी हात लावायच्या आत, पाच-सात मिनिटांत, तो आपोआप परत येतो. साइट उघडते, मेल जायला लागतात. तिकिटावर 'रीस्टार्टनंतर सुरळीत' असा शेरा पडतो आणि ते बंद होतं. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. कधी तोच सर्व्हर, कधी त्याच रॅकमधला दुसरा.

वर्षाच्या टक्केवारीत हे दिसतही नाही. ९९.९ टक्के अपटाइमच्या करारात वर्षाला जवळपास पावणेनऊ तास बंद राहायची मुभा असते. महिन्यातून दोनदा दहा-दहा मिनिटं सर्व्हर पडला तर वर्षाचे चारच तास होतात, म्हणजे कागदावर सगळं ठीक. पण दर वेळी अर्धवट राहिलेले डेटाबेसचे व्यवहार, तुटलेले अपलोड आणि बूट होताना चाललेली फाइल सिस्टिमची तपासणी ज्याला निस्तरावी लागते, त्याला ही टक्केवारी काही कामाची नाही. तोच बिघाड दुसऱ्यांदा झाला की कारण सापडेपर्यंत तिकीट बंद करू नका.

डेटा सेंटरमध्ये बहुतेक सगळं जोडीनं असतं. विजेचे दोन फीड (वेगवेगळ्या पुरवठा लाइन), सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय, दोन नेटवर्क केबल, रेड अ‍ॅरेत (एकत्र चालणाऱ्या डिस्कच्या संचात) जादा डिस्क, कूलिंगचं एक युनिट राखीव. ही जोडी पहिला बिघाड पोटात घालते, आणि नेमकी तीच अडचण होऊन बसते. पहिला बिघाड होतो तेव्हा काहीच पडत नाही, म्हणून कुणी बघत नाही. मग महिन्याभरानं एरवी कुणाच्या लक्षातही आला नसता असा किरकोळ धक्का येतो आणि सर्व्हर जातो. सगळे त्या धक्क्याच्या मागे लागतात. धक्के तर येतच राहणार. सर्व्हर पडतो तो आधीच एका पायावर उभा असल्यामुळे. त्यामुळे 'आज काय झालं' याच्याही आधी 'आधीपासून काय बंद होतं' हे शोधायचं असतं.

खरंच रीस्टार्ट झाला का?

सर्वात आधी अपटाइम बघा. पुष्कळदा सर्व्हर चालूच असतो. मेमरी संपली म्हणून कर्नलनं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं) डेटाबेसची प्रोसेस मारलेली असते आणि सर्व्हिस स्वतःहून परत उठलेली असते, किंवा स्विचचा पोर्ट खालीवर झालेला असतो. अपटाइम नव्वद दिवसांचा दिसत असेल तर हा वेगळा आजार आहे. तिथं मेमरीचा वापर आणि स्विचचे लॉग बघा.

अपटाइम काही मिनिटांचाच असेल तर सिस्टिम लॉगमधल्या रीस्टार्टच्या आधीच्या शेवटच्या ओळी वाचा. सर्व्हिसेस एकामागून एक थांबल्याच्या नोंदी असतील, तर मशीन रीतसर बंद झालं आहे. स्वयंचलित अपडेट, यूपीएसचं शटडाउन सॉफ्टवेअर, नाहीतर कुणीतरी दुरून दाबलेलं पॉवर बटण, यातलं काहीतरी असणार. कर्नल पॅनिकच्या (कर्नल स्वतःच कोसळल्याच्या) ओळी असतील तर संशय ड्रायव्हर, कर्नल किंवा मेमरीवर जातो. पण पॅनिकच्या वेळी या ओळी डिस्कवर उतरतीलच असं नसतं, म्हणून केडंप (कोसळतानाची मेमरी साठवून ठेवणारी सोय) आधीच चालू करून ठेवावं आणि सीरियल कन्सोलवरचं (सर्व्हरचे संदेश केबलनं बाहेर देणाऱ्या पोर्टवरचं) सगळं दुसऱ्या मशीनवर साठवावं. आणि लॉग मधेच तुटलेला असेल, एक ओळ नेहमीच्या क्रॉन जॉबची (वेळापत्रकानं आपोआप चालणाऱ्या कामाची) आणि पुढची थेट बूटची, तर वीज, हार्डवेअर किंवा वॉचडॉग (मशीन अडकलं की रीसेट मारणारा टायमर) यांच्याकडे वळायचं.

इथं बीएमसी कामाला येतो. मदरबोर्डवरचा हा छोटा स्वतंत्र संगणक स्टँडबाय विजेवर चालतो. मुख्य सर्व्हर बंद असला तरी कॉर्डमध्ये वीज असेपर्यंत हा जागा असतो. त्याच्या इव्हेंट लॉगमध्ये पॉवर सप्लायची वीज गेल्याची, तापमानानं मर्यादा ओलांडल्याची, मेमरीच्या चुकांची आणि वॉचडॉगनं रीसेट मारल्याची नोंद असते. मी मात्र त्याच्याही आधी बीएमसी स्वतः किती वेळ चालू आहे ते बघतो. सर्व्हर रीस्टार्ट झाला पण बीएमसी शंभर दिवस जागा आहे, तर मशीनची वीज पूर्ण गेलेली नाही. कारण आत आहे. बीएमसीसुद्धा त्याच वेळी नव्यानं उठला असेल, तर बहुधा दोन्ही कॉर्डमधली वीज गेली होती. वीज अगदी क्षणभरच दबली असेल तर स्टँडबाय तग धरतो आणि मुख्य सप्लाय कोसळतो, एवढा एक अपवाद लक्षात ठेवायचा.

दोन गोष्टींची खबरदारी घ्या. बीएमसीचं घड्याळ अनेकदा एनटीपीला (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेला) जोडलेलंच नसतं किंवा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, त्यामुळे त्याच्या आणि सिस्टिम लॉगच्या वेळा तासन्‌तास जुळत नाहीत. तुलना करण्याआधी दोन्ही घड्याळांतला फरक लिहून घ्या. दुसरं म्हणजे हा लॉग छोटा असतो. बऱ्याच मशीनांत तो भरला की नव्या नोंदी घेणंच बंद होतं. लॉग कोरा दिसतो म्हणून काही घडलंच नाही असं धरू नका; तो भरून थांबला आहे का ते बघा, त्याची प्रत घ्या आणि मगच रिकामा करा.

एकटा गेला की सोबतीनं?

त्याच मिनिटाला आणखी कोणकोणते सर्व्हर पडले याची यादी काढा आणि ती रॅकच्या आकृतीवर मांडा. एकटाच असेल तर दोष त्याच्या पोटात किंवा त्याच्या कॉर्डमध्ये. एका रॅकचे निम्मे असतील तर पीडीयूची (रॅकमधल्या वीजवाटपाच्या पट्टीची) एक शाखा किंवा ब्रेकर. ओळीत शेजारी शेजारी असलेले काही रॅक असतील तर बसबार (रॅकच्या ओळीला वीज नेणारी धातूची पट्टी), यूपीएसचं आउटपुट किंवा कूलिंग. आणि वेगवेगळ्या ओळींतले पण एकाच मॉडेलचे, एकाच खरेदीतले सर्व्हर असतील तर फर्मवेअर (हार्डवेअरच्या आतलं सॉफ्टवेअर). ही आकृती काढायला अर्धा तास लागतो आणि पुढचे कित्येक तास वाचतात. तरी ती काढायचा कंटाळा फार जणांना असतो.

वीज

वारंवार होणाऱ्या रीस्टार्टमध्ये मी सर्वात जास्त वेळ इथं घालवतो, कारण गुपचूप मरायला सर्वात जास्त जागा इथंच आहेत.

बाहेरची वीज गेली की जनरेटर सुरू होऊन लोड घ्यायला साधारण दहा-पंधरा सेकंद लागतात. तोवरचा वेळ यूपीएसच्या बॅटऱ्या भरून काढतात. सर्व्हरच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर मात्र जेमतेम १० ते २० मिलिसेकंद तग धरतात. ५० हर्ट्‌झच्या विजेचं एक पूर्ण आवर्तनच २० मिलिसेकंदांचं असतं. डबल कन्व्हर्जन यूपीएस (वीज सतत डीसीतून पुन्हा एसी करून देणारा) आउटपुटमध्ये खंड पडू देत नाही. तोच यूपीएस वीज वाचवण्यासाठी इको मोडवर टाकला असेल तर तो बाहेरची वीज जवळपास तशीच पुढे देतो आणि गडबड झाली की काही मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो. नव्या सर्व्हरला ते चालतं. कपॅसिटर थकलेल्या जुन्या सर्व्हरला चालत नाही. त्याच रॅकमधले जुने पडले आणि नवे उभे राहिले, असं दिसलं तर यूपीएस कोणत्या मोडवर आहे ते आधी विचारा.

आता कॉर्ड. दोन पॉवर सप्लाय असलेल्या सर्व्हरची एक कॉर्ड ए फीडच्या पीडीयूला आणि दुसरी बी फीडच्या पीडीयूला जायला हवी. प्रत्यक्षात मागच्या बाजूला बघावं तर दोन्ही एकाच पीडीयूत घुसवलेल्या सापडतात, कारण बसवणाऱ्याला तेव्हा तीच सॉकेट मोकळी दिसली. किंवा दोन्ही पीडीयू वेगवेगळे, पण वर जाऊन एकाच वितरण पॅनलला जोडलेले. किंवा एक सप्लाय केव्हाचा मेलेला, त्याचा दिवा अंबर झालेला, आणि तो दिवा गरम आयलकडे (सर्व्हरच्या मागच्या, गरम हवेच्या वाटेकडे) तोंड करून असल्यामुळे कुणी पाहिलेला नाही. कॉर्ड सॉकेटमध्ये अर्धवट बसलेली असणं हेही नेहमीचंच: शेजारचा सर्व्हर बसवताना हात लागतो, ती एक-दोन मिलिमीटर बाहेर येते आणि पुढे कधीतरी सुटते. लॉक असलेल्या कॉर्ड याचसाठी मिळतात.

पण ज्या प्रकारात सर्वात जास्त दिशाभूल होते तो ब्रेकरचा आहे. समजा रॅकला ३२ अँपिअरचे दोन फीड आहेत. ए फीडवर २१ अँपिअर, बी फीडवर २०. दोन्ही पीडीयूंच्या डिस्प्लेवर आकडा ब्रेकरच्या बराच खाली, म्हणून सगळे निर्धास्त. ए फीड देखभालीसाठी बंद केला की सगळा लोड बी फीडवर जातो: ४१ अँपिअर. ३२ च्या ब्रेकरला हा जवळपास सव्वापट भार आहे. एवढ्याला तो झटकन ट्रिप होत नाही. त्यातली द्विधातूची पट्टी तापत जाते आणि काही मिनिटांनी, कधी त्याहूनही उशिरा, तो पडतो. तोवर ए फीड बंद करणारा माणूस 'सगळं ठीक आहे' असं लिहून निघून गेलेला असतो. रॅक मरतो तेव्हा दोष बी फीडला लावला जातो, ब्रेकर बदलला जातो, आणि पुढच्या देखभालीला पुन्हा तेच होतं.

हिशेब सोपा आहे. सतत चालणारा लोड ब्रेकरच्या ८० टक्क्यांपर्यंतच ठेवायचा, म्हणजे ३२ ला २५.६ अँपिअर. आणि ही मर्यादा दोन्ही फीडच्या बेरजेला लावायची, एकेका फीडला नाही. प्रत्येक बाजूला फार तर १२.८. बेरीज त्यापुढे गेली असेल तर त्या रॅकला दोन फीड आहेत हे फक्त कागदावर. मॉनिटरिंगमध्ये 'ए अधिक बी' असा एकच आलेख काढून त्यावर अलार्म लावा. दोन वेगळ्या आलेखांतून हे कुणाला दिसत नाही. काही सर्व्हर वीज वाचवण्यासाठी एक सप्लाय जवळपास झोपवून ठेवतात, त्यामुळे ए वर भरपूर आणि बी वर नाममात्र लोड दिसतो. तो दोष नव्हे. पण तिथंही बेरीजच बघायची.

याच प्रकाराची शेपटी म्हणजे वीज परत आल्यावर लगेच पुन्हा पडणारा रॅक. सगळे सर्व्हर एकदम चालू होतात, सगळे पंखे पूर्ण वेगानं फिरतात, आणि आधीच तापलेला ब्रेकर पुन्हा ट्रिप होतो. बायॉसमध्ये (सर्व्हर सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते. तिथं प्रत्येक सर्व्हरला वेगळा किंवा यादृच्छिक विलंब द्या.

बॅटऱ्यांबद्दल एवढंच: सीलबंद शिसे-आम्ल बॅटऱ्या २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मं आयुष्य गमावतात, आणि मालिकेत जोडलेल्या संचातली एक खराब झाली की अख्खी माळ निकामी होते. पॅनलवर 'बॅटरी १०० टक्के' दिसणं म्हणजे ती चार्ज झाली आहे. लोड पेलेल असं नाही. प्रत्येक बॅटरीचा अंतर्गत रोध मोजल्याची नोंद मागा. आणि सर्व्हर दर ठरावीक दिवसांनी एकाच वेळेला पडत असेल तर यूपीएसच्या स्वयंचाचणीचं वेळापत्रक त्या तारखांशी ताडून बघा. चाचणीत यूपीएस बॅटरीवर जातो आणि थकलेली माळ तिथंच कोसळते.

उष्णता

दुपारी पडणारे आणि रात्री न पडणारे सर्व्हर असतील तर खोलीच्या थर्मामीटरवर विश्वास ठेवू नका. सर्व्हरच्या तोंडाशी आत शिरणाऱ्या हवेचं तापमान बघा, तेही रॅकच्या वरच्या भागात. अ‍ॅशरेची (वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची) शिफारस १८ ते २७ अंशांची आहे. खाली २२ आणि वर ३१ असं दिसलं तर मागची गरम हवा वरून किंवा मोकळ्या खणांतून पुढे येते आहे. मोकळे खण ब्लँकिंग पॅनलनं बंद करा, केबलची भोकं बुजवा. रॅकमधले फार थोडे उपाय इतके स्वस्त आणि इतके परिणामकारक असतात.

उष्णतेनं सर्व्हर थेट बंद होणं तसं उशिराचं लक्षण आहे. आधी प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. त्याआधी पंखे वाढतात, आणि पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट झाला की वीज तिप्पटीहून जास्त. म्हणजे तापलेल्या दुपारी त्या रॅकचा अँपिअरचा आकडाही चढतो, आणि वर सांगितलेली काठावरची बेरीज काठ ओलांडते. पंख्यांच्या वेगाचा, हवेच्या तापमानाचा आणि अँपिअरचा आलेख एकाखाली एक लावल्याशिवाय हा संबंध ध्यानात येत नाही. कूलिंगचं राखीव युनिट खरोखर हवा फेकतं का, हेही अशा दुपारीच कळतं. १९ जुलै २०२२ रोजी ब्रिटनमध्ये पारा पहिल्यांदाच ४० अंशांच्या वर गेला, आणि त्याच दिवशी गूगल आणि ओरॅकल या दोघांच्याही लंडनमधल्या डेटा सेंटरांत कूलिंग बंद पडून सेवा कोलमडल्या.

मेमरी

ईसीसी मेमरी एका बिटची चूक गुपचूप दुरुस्त करते. दोन बिटांची फक्त ओळखते आणि मशीन थांबवते. गूगलच्या सर्व्हरांवर झालेल्या २००९ च्या एका अभ्यासात वर्षाला ८ टक्क्यांहून जास्त मेमरी मॉड्यूलना चुका आढळल्या होत्या, आणि दुरुस्त होणाऱ्या चुका दिसल्या की पुढे दुरुस्त न होणारी चूक येण्याची शक्यता बरीच वाढते असंही दिसलं होतं. एकाच स्लॉटवर दुरुस्त झालेल्या चुकांचा आकडा चढत असेल तर सर्व्हर पडायची वाट बघू नका. मॉड्यूल दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. चुका त्याच्यासोबत गेल्या तर मॉड्यूल बदला, जुन्याच स्लॉटवर राहिल्या तर बोर्ड.

कॅलेंडरवर न दिसणारी नियमितता

रीस्टार्टच्या तारखांमध्ये काहीच क्रम दिसत नसेल तर प्रत्येक रीस्टार्टच्या वेळी मशीन किती दिवस चालू होतं ते लिहून काढा. २.६.३२ च्या पिढीतल्या लिनक्स कर्नलमध्ये सलग २०८.५ दिवस चालल्यावर घड्याळाचा हिशेब ओसंडून मशीन कोसळायचं. वेगवेगळ्या दिवशी बूट झालेली मशीनं वेगवेगळ्या तारखांना पडायची, म्हणून तो योगायोग वाटायचा. डिस्कचंही असंच. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईनं जाहीर केलं की त्यांच्या काही एसएसडी फर्मवेअरमधल्या दोषामुळे बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर कायमच्या मरतात: ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. एकाच दिवशी चालू केलेल्या डिस्क एकाच रेड अ‍ॅरेत असतील तर जादा डिस्क ठेवून काय उपयोग? तीही त्याच तासाला जाणार. म्हणून अ‍ॅरेतल्या डिस्क शक्यतो वेगवेगळ्या खेपेच्या घ्या, आणि फर्मवेअरच्या सूचना वाचायचं काम कुणाच्या तरी नावावर असू द्या.

अलार्मही मरतो

सप्लाय मेला तर मेल येईल, असं सगळे धरून चालतात. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. तेव्हा लक्षात आलं की रोजचा बॅकअप बराच काळ होतच नव्हता, आणि तो अयशस्वी झाल्याचे मेल डीमार्कच्या (मेल खऱ्या पाठवणाऱ्याचाच आहे का हे बघणाऱ्या) तपासणीत नाकारले जात होते. बॅकअप मेला होता आणि तसं सांगणारा आवाजही. म्हणून नुसती बिघाडाची सूचना पुरेशी नाही. ठरलेल्या वेळेला 'चालू आहे' असा निरोप आला नाही तर वाजणारा अलार्म हवा. आणि मुद्दाम एक कॉर्ड काढून अलार्म खरंच कुणाच्या फोनपर्यंत पोचतो का, हेही बघायचं.

कॉर्ड काढून बघा

शेवटी सगळं ठरतं ते यावर. देखभालीची वेळ जाहीर करा, बॅकअप ताजा आहे याची खात्री करा, आणि रॅकमधल्या प्रत्येक सर्व्हरची ए कॉर्ड एकेक करून काढा. सर्व्हर चालू राहतो का, बीएमसीत नोंद पडते का, अलार्म येतो का, हे बघून ती परत लावा आणि सप्लायचा दिवा हिरवा झाल्यावरच बी कॉर्डला हात लावा. दोन्ही टोकांना लेबल नसेल तर आधी ते लावा. एकेक सर्व्हर पास झाला की पूर्ण ए फीड बंद ठेवा, आणि दोन मिनिटांसाठी नाही, निदान तासभर, कारण ब्रेकर तापायला वेळ लागतो. मग बी फीडचं तेच. जनरेटरची चाचणीसुद्धा रिकामं इंजिन फिरवून होत नाही. त्याच्यावर खरा लोड टाकावा लागतो.

सर्व्हर भाड्यानं घेतलेला असेल आणि रॅकपाशी जाता येत नसेल, तर सेवा देणाऱ्याला 'सर्व्हर का पडला' असं विचारू नका. 'तात्पुरती अडचण होती' एवढंच उत्तर येतं. बीएमसीच्या इव्हेंट लॉगची प्रत मागा. दोन्ही कॉर्ड कोणत्या पीडीयूत आहेत याचा फोटो मागा. त्या मिनिटाला रॅकमध्ये आणखी कोण पडलं, दोन्ही फीडची बेरीज किती आहे आणि त्या दिवशी विजेचं किंवा कूलिंगचं काही काम चालू होतं का, हे लेखी विचारा. उत्तरं देणारे लोक असतात, आणि नेमकं विचारलं तर ते स्वतः जाऊन बघतात.

एवढं करूनही कारण हाती लागलं नाही, तर डिस्क काढून तशाच दुसऱ्या चॅसिसमध्ये (डिस्क सोडून बाकीच्या सर्व्हरमध्ये) लावा आणि जुनं चॅसिस त्याच जागी, त्याच कॉर्डवर, चाचणीचा लोड देऊन चालू ठेवा. डिस्कसोबत दोष गेला तर कर्नल आणि ड्रायव्हर तपासा. चॅसिसपाशी राहिला तर बोर्ड आणि सप्लाय बदला. दोन्ही नीट चालले तर काढ-घाल करताना काय हललं ते बघा: बहुधा एखादी कॉर्ड, एखादं मेमरी मॉड्यूल किंवा बॅकप्लेनचा (डिस्क जिथं बसतात त्या बोर्डचा) कनेक्टर नीट बसलेला नव्हता. तेही तिकिटावर लिहा, स्लॉटच्या क्रमांकासकट.